पहिला बॉम्ब आपल्या गावावर

नाकाडोंगरीच्या पुढे जंगलाकडे वळलं की खाणीचं एक गाव लागतं. एस.टी. तिथं थांबते, पण कंडक्टरच्या मर्जीनं. पावसाळ्यात तीही मर्जी होत नाही. मतं मागायला येणारे जीपमधून उतरत नाहीत, काच खाली करून हात जोडतात. पण या गावाला एक मान आहे, आणि तो साऱ्या भंडारा जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्याच गावाला नाही. लढाई लागली तर शत्रूचा पहिला बॉम्ब इथंच पडणार.

हे कुणी ठरवलं? एकाहत्तरच्या लढाईत खाणीच्या साहेबानं मजुरांना गोळा करून सांगितलं म्हणे, की या मॅंगनीजच्या गोट्याशिवाय पोलाद नाही, पोलादाशिवाय रणगाडा नाही, तेव्हा दुश्मनाच्या नकाशावर पहिली खूण आपलीच. साहेबाला बहुतेक जास्तीची पाळी करून घ्यायची असेल. साहेब बदलून गेला, मान मात्र राहून गेला. पुढे दोन्ही देशांनी अणुबॉम्ब केले, तशी गावानं आपल्या आपण बढती घेतली. साधा बॉम्ब गेला, अणुबॉम्ब आला. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा चहाच्या टपरीवर आधी हाच प्रश्न निघाला होता, की बॉम्ब आता कुणाच्या वाट्याला? आपल्याच वाट्याला राहिला म्हटल्यावर लोकांना हायसं वाटलं होतं.

सत्यभामा लग्न होऊन या गावात आली तेव्हा सासऱ्यानं तिला अंगणात उभं करून खाणीवरचं आभाळ दाखवलं होतं. "तिकून येईन बॉम्ब," तो म्हणाला होता, जसं काही पाहुणेच यायचे होते. तिनं पदर तोंडावर धरून हसू दाबलं होतं. तेव्हा हसू येत होतं.

यंदाच्या मे महिन्यात सीमेवर पेटलं आणि टीव्हीवाल्यांच्या तोंडात सकाळ-संध्याकाळ अणुबॉम्बच. तो इतक्या वेळा पडला, इतक्या रंगांत पडला, की सत्यभामाला भात टाकतानाही तो आवाज कानात येई. मग सरकारनं सराव सांगितला. भोंगे वाजवायचे, दिवे घालवायचे, खाली मान घालून बसायचं. सरावासाठी मोठी शहरं निवडली होती. या गावाचं नाव त्यात नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. पण गावाला ते फार लागलं. पहिला बॉम्ब आपल्यावर आणि सराव नागपुराले?

म्हणून सरपंच खेमराजनं आपला स्वतःचा सराव काढला. सकाळीच ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा झाला.

"गावकऱ्यायले कळवन्यात येते का आज रातच्याले आठ वाजता अर्धा घंटा गावात पूर्ण अंधार राहीन. लाइनमन तुलारामभाऊ गावाच्या लाइनची डीपी बंद करतीन. चूल, बिडी, मोबाइल, काहीच पेटवाचं नाही. ज्याच्या घरचा उजेड दिसन त्याचं नाव ग्रामसभेत घेतल्या जाईन!"

सत्यभामा दारात बसून तेंदूपत्त्याचे पुडे बांधत होती. पहाटे जंगलातून पत्ता तोडून आणायचा, दुपारपर्यंत पुडे बांधायचे, संध्याकाळी फडावर, ठेकेदाराच्या खरेदीच्या जागी, नेऊन द्यायचे, असा तिचा मे महिना जायचा. तिचा हात पुड्यावर तसाच थांबला. आतल्या खोलीतून मशिनची घरघर येत होती.

मशिन हिरालालची होती. हिरालाल, तिचा नवरा, खाणीत उभा जन्म गोट्याला भोकं पाडत राहिला. गोटा फुटला, गाड्यांत भरून गेला, पण त्याची भुकटी हिरालालच्या छातीत बसली ती बसलीच. आता पुण्याहून अश्वजितनं, म्हणजे त्यांच्या पोरानं, ऑक्सिजनची मशिन पाठवली होती. भिंतीतली लाइन मशिनला, मशिनची नळी नाकाला. लाइन गेली तर लहान सिलिंडर लावायचा. सिलिंडर भरायला तालुक्याला, तुमसरला दिलेला होता आणि सिलिंडरवाला फोनवर सांगत होता, "ताई, सध्या भरलेले सारे अडवून ठेवले हायेत. लढाई हाये न."

"इथं कोन्ती शांती हाये?" सत्यभामानं विचारलं होतं. त्यानं फोन ठेवला होता.

तिनं पानांवर ओलं पोतं टाकलं आणि ग्रामपंचायतीत गेली.

खेमराज काचांना काळा कागद चिकटवून घेत होता. त्याचं किराण्याचं दुकान. सरपंच झाल्यापासून दुकानात बायको बसे आणि हा फोनवर उभा असे. बाकावर पेन्शनवाला चिंधू बसला होता, खाणीतला जुना माणूस, हिरालालच्याच पाळीतला.

"जयभीम वहिनी, या. पाह्यलं का, कसं काम चालू हाये?"

"जयभीम भाऊ. डीपी नोका बंद करू. ह्यायची मशिन हाये, तुमाले मालूम हाये."

"अर्धाच घंटा तं हाये वहिनी."

"अर्धा घंटा तुमी नाक दाबून बसा, मंग मले सांगा."

कागद चिकटवणारा हसला. खेमराजही हसला, पण कागदाकडे पाहून.

"गावाले डीपी एकच हाये. तुमच्या एका घरची लाइन कशी ठेवू, सांगा."

"मंग ज्यानं त्यानं आपल्या घरचं बटन बंद करावं. मी खिडक्यायले गोधड्या लावीन. दारालेही लावीन."

"लोकं बटन बंद करतीन? ह्या गावातले? वहिनी, ग्रामसभेले बलावलं तं खुर्च्या येतात, मानसं येत नाही."

"मशिनले उजेड नाही काही. एक हिरवा ठिपका हाये, तांदळाएवढा."

"वरून सारं दिसते आता. सॅटेलाइट आलं."

"एवढं दिसते तं आपला रस्ता काहून नाही दिसत कोनाले?"

चिंधूनं बाकावरून तोंड घातलं. "भामाबाई, घरी इचारलं का तुमी? हिरालाल तं काल मलेच म्हनला, गावाच्या आड मी येनार नाही, बंद पाडा म्हना डीपी."

हे तिला माहीत नव्हतं. नवरा खाटेवरून उठत नाही, नळीच्या लांबीपलीकडे जात नाही, आणि तरी त्यानं तिच्या पाठीमागे गावाला शब्द देऊन टाकला होता. तिच्या कानशिलाशी गरम झालं. पण घरी जाऊन भांडायच्या आधी अजून एक माणूस बाकी होता.

तुलाराम फडाजवळ मोटरसायकल लावून उसाचा रस पीत होता. लाइनमन, पण ठेक्यावरचा; त्याला खांबावर चढायची भीती नव्हती, बाकी साऱ्याची होती.

"वारं-वादळ आलं का चार-चार घंटे लाइन जाते," तो म्हणाला, "तवा तं तुमी येत नाही."

"तवा सिलिंडर भरलेला राहते घरी. आता नाही."

"मले सरपंचानं सांगतलं."

"तुहा साहेब कोन, सरपंच का? साहेबाले इचार न फोन करून."

"साहेबाचा फोन लागत नाही."

"लावला का?"

तुलारामनं ग्लास ठेवला. "वहिनी, मले ह्याच गावात राहाचं हाये."

"मी कोन्त्या गावात राहतो रे मंग?" ती म्हणाली, पण त्यानं किक मारली होती.

तरी ती घरी गेली नाही. उन्हाचा चटका पायाला लागत असताना ती घरोघर फिरली. सारे जण आपापलं बटन खाली करणार असतील तर डीपीला हात लावायची गरज उरत नाही, हा तिचा हिशेब साधा होता. शेजारची शेवंताबाई म्हणाली, "मी करीन वो, तुझ्यासाठी नाही करनार का? पन पलीकडचे करतीन का? थे करतीन तं मी करीन." पलीकडचे म्हणाले, शेवंताबाईनं केलं तर आम्ही करू, ती मालिका पाहिल्याशिवाय राहत नाही. पाटलाच्या घरी म्हणाले, आधी खालच्या टोलीला सांगा. खालची टोली म्हणाली, आधी पाटलाच्या घरी. सारं गाव तयार होतं, फक्त आधी दुसऱ्यानं करायचं होतं. टीव्हीवर दोन देशांचं जे चाललं होतं ते हेच की काय, असं तिच्या मनात आलं; आणि तिथं सुटत नाही ते इथं बाईमाणसाच्या पायपिटीनं कुठून सुटायचं, म्हणून ती परतली.

घरी हिरालाल दाढी करून बसला होता. बुद्धपौर्णिमेसाठी इस्त्री करून ठेवलेला पांढरा सदरा त्यानं आजच घातला होता.

"कुठं लग्नाले चालले?" तिनं विचारलं.

"गावाचं... काम हाये."

"गावाले शब्द देताना मले इचारलं का? नाक तुमचं, कबूल. रातभर पाठ कोन चोळते?"

"एका मानसासाठी..." तो थांबला, नळीतून ओढून घेतलं, "सारं गाव उजेडात ठेवू का? उद्या म्हनतीन, हिरालालच्या पायी... गाव गेलं."

"गाव गेलं तं म्हनाले राहीन कोन?"

तो हसला नाही. तिच्या असल्या बोलण्याला तो नेहमी हसायचा.

"चला तं मंग, तुमसरच्या दवाखान्यात नेतो तुमाले. अर्ध्या घंट्यापुरतं."

"बॉम्बच्या दिवशी गाव सोडू?" त्यानं तिच्याकडे असं पाहिलं जसं तिनं चोरी करायला सांगितली.

मग मात्र तिचा तोल गेला. सकाळपासून जे जे पोटात घातलं होतं ते तोंडाला आलं. "कोन्ता बॉम्ब? कोनाले मालूम हाये हे गाव? कंडक्टरले मालूम नाही! मत मागनाऱ्याले मालूम नाही! अश्वजितच्या कंपनीत गाव इचारतात तं थो नागपूर सांगते. आनि त्या परमुलखातल्या लोकायले मालूम राहीन? त्यायले काहून लागतीन आपले गोटे?"

मशिन घरघरत राहिली. लहान पोरानं सांगावं तसा हिरालाल म्हणाला, "साहेबानं सांगतलं होतं. बाबाले. आमच्या गोट्याबिगर... काही होत नाही." त्यानं छातीवर हात ठेवला. "तसं नसन, तं मंग... हे का भरलं हाये इथं?"

सत्यभामाला कळलं. साऱ्या जन्मात त्याच्या गोट्याला कुणी एवढं मोल दिलं नव्हतं. दिलं होतं ते फक्त त्या न पाहिलेल्या शत्रूनं, तेही सांगोवांगी. कळल्यावर राग जायला पाहिजे होता. तो गेला नाही. उलट ठेवायला जागा नाही म्हणून जास्तच चढला.

"पाहतो, जमते का," हिरालाल म्हणाला, आणि त्यानं आपल्या हातानं नळी काढली.

बोटाला लावायची चिमटी तिनं घाईनं लावली. चिमटीवरचा ऑक्सिजनचा आकडा उतरायला लागला. आधी थांबत थांबत, मग भराभर. हिरालाल छताकडे पाहत होता, ओठांचा रंग जांभळाच्या सालीसारखा होत होता, आणि तरी तो म्हणत होता, "पाह्य... जमून... राहिलं." तिनं नळी उचलली आणि बैलाला वेसण घालावी तशी जोर लावून त्याच्या नाकात बसवली.

"आठ वाजता मी काढीन," श्वास जागेवर आल्यावर तो म्हणाला. "तू हात लावू नोको."

"नाही लावत," ती म्हणाली. उरलेला तेंदूपत्ता तिनं टोपल्यात भरला, टोपलं डोक्यावर घेतलं आणि बाहेर पडली.

फडाच्या वाटेवर गावाची डीपी होती. खाली सिमेंटचा ओटा, वर पेटी, पेटीवर हाडं आणि कवटी काढलेली पाटी. सत्यभामा ओट्यावर चढली, पेटीला पाठ लावून बसली आणि पुडे बांधायला लागली.

आठला थोडं कमी असताना तुलाराम लांब दांडा घेऊन आला आणि तिला पाहून मोटरसायकलवरच बसून राहिला.

"वहिनी, सरका."

"बांधून होऊ दे."

"किती राहिले?"

"लय हायेत."

तुलारामनं खेमराजला फोन केला. खेमराज आला. त्याच्यामागं चिंधू आला, शेवंताबाई आली, पाटलाच्या घरचे आले, खालच्या टोलीचे आले. ज्यानं त्यानं मोबाइलचा टॉर्च लावला होता, दोघं-तिघं व्हिडिओ काढत होते. अंधार पाहायला सारं गाव उजेड घेऊन आलं होतं.

"उठा वहिनी, करंट लागन," खेमराज म्हणाला.

"लागू द्या. तुमचा अंधार तं होईन."

"असं का करून राहिले? देशाचा सवाल हाये."

"देशाले सांगा मंग, अर्धा घंटा माह्या घरी येऊन तोंडानं फुंक मार म्हना. मी उठतो."

बाया खुदकन हसल्या. चिंधू चिडला. "बाईच्या जातीले का समजते? थो बॉम्ब पडला तं हिरालालही राहनार नाही न तुमची मशिनही!"

"तुमाले तं घाई दिसते चिंधूभाऊ, बॉम्बच्या आधीच त्यायले पोचवाची."

"हात धरून उठवा तिले," मागून कुणीतरी म्हणालं. पण हात धरायला कुणी पुढं आलं नाही. शेवंताबाई हळूच म्हणाली, "ऊठ न वो भामा, तमाशा झाला," आणि तेच सत्यभामाला साऱ्यांत जास्त लागलं. तिच्या बोटांना पुड्याची दोरी सापडेना. पानं मोजायची तिनं केव्हाच सोडली होती.

एवढ्यात मागचे लोक बाजूला व्हायला लागले. आधी आवाज आला, कोरड्या हापशीचा दांडा कुणी हलवत राहावं तसा. मग पांढरा सदरा दिसला. हिरालाल कुंपणाच्या काट्या धरत धरत येत होता. नाकात नळी नव्हती. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपासून गावानं त्याला रस्त्यावर पाहिलं नव्हतं. तो खाटेवर आहे हे माहीत होतं, पण एवढाच उरला आहे हे माहीत नव्हतं. टॉर्च आपोआप खाली झाले.

तो बायकोकडे आला नाही. तुलारामसमोर उभा राहिला आणि हात वर केला.

"पाड," तो म्हणाला. पुढचं आलं नाही. "पा..."

आणि सारं गाव उभं राहून त्याचा श्वास ऐकत राहिलं. आत जाणारा लांब आणि पोकळ, बाहेर येणारा आखूड. मध्ये इतका वेळ जाई की ऐकणाऱ्यांचाही अडकावा. तुलारामनं खेमराजकडे पाहिलं, खेमराजनं चिंधूकडे. चिंधू दुसरीकडे पाहत होता, आणि त्याचा हात नकळत आपल्याच छातीवर गेला होता.

सत्यभामा ओट्यावरून ओरडली. "पाड न रे तुलाराम! आयकलं नाही का? मानूस चालत आला तुले सांगाले. पाड आता! दोघंही इथंच हावो, पाड!"

तुलारामनं दांडा मोटरसायकलला टेकवून ठेवला. "माह्यानं नाही होत जी," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

हिरालालचे गुडघे वाकले तेव्हा ती ओट्यावरून कशी उतरली ते तिला आठवत नाही. खेमराजनं तुलारामची मोटरसायकल ओढून घेतली. पुढे खेमराज, मध्ये हिरालाल, मागे त्याला दोन्ही हातांनी कवटाळून सत्यभामा. घर चार गल्ल्यांवर होतं. त्याचं डोकं तिच्या खांद्यावर पडलं होतं आणि ती त्याच्या कानात शिव्या देत होती, लग्नापासून दिल्या नव्हत्या तसल्या. शिव्या ऐकतो आहे म्हणजे आहे, एवढंच तिला धरून ठेवायचं होतं.

मशिन चालूच होती, जमिनीवर पडलेल्या नळीतून फुसफुसत. तिनं नळी त्याला लावली, पाठीशी उशा दिल्या, चिमटी लावली. आकडा बराच वेळ जागचा हलला नाही. मग एक चढला. मग अजून एक.

खेमराज दारात उभा होता. हातातला मोबाइल पेटलेलाच होता. त्यानं तो विझवला, परत पेटवला. "वहिनी, मले वाटलं नव्हतं एवढं..." तो म्हणाला.

"सांगतलं होतं मी. सकाळी."

"हौ." तो अजून थोडा थांबला आणि निघून गेला.

बाहेर गावात काही घरांनी दिवे घालवले होते, काहींनी नाही. शेवंताबाईचं घर गच्च काळं होतं. पलीकडच्यांकडे टीव्हीचा निळा उजेड भिंतीवर उड्या मारत होता. साऱ्या गावाचं असंच अर्धवट चाललं होतं. खिडकीवर टाकायची गोधडी सत्यभामाच्या हातात तशीच राहिली. तिनं ती हिरालालच्या पायांवर टाकली.

थोड्या वेळानं भोंगा करकरला. खेमराजचा आवाज सकाळसारखाच ठणठणीत होता.

"गावकऱ्यायले कळवन्यात येते का आजचा सराव यशस्वी झाला! आपल्या गावानं शंभर टक्के अंधार पाळला. तसा रिपोर्ट तहसीलले पाठवून राहिलो. सगळ्यायचं अभिनंदन!"

हिरालालनं डोळे उघडले. त्याच्या डोक्यावर बल्ब जळत होता, बल्बभोवती पाखरं फिरत होती. त्यानं बल्बकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिला वाटलं, आता हसेल. आता तरी हसेल.

"आयकलं का?" तो म्हणाला.

"आयकलं."

"रिपोर्ट... जाऊन राहिला."

"जाऊ द्या. बोलू नोका."

"तहसीलले." श्वास. "मंग भंडाऱ्याले." श्वास. "मंग दिल्ली." प्रत्येक ठिकाणी तो एस.टी.सारखा थांबत होता. "आता तं... मालूम पडन न सगळ्यायले. आपलं गाव."

सत्यभामाच्या तोंडात सारा दिवस येऊन बसला. खोटा आहे तो रिपोर्ट. वाचणार कोण आहे? अन् तुम्ही मघाशी ह्या बल्बपायी जाणार होता, कळतं का? जांभळे ओठ हळूहळू माणसाच्या रंगाचे होत होते. तिनं ते सारं परत गिळलं.

"हौ, पडन," ती म्हणाली. "आता गुपचूप श्वास घ्या."

"पुढच्या खेपेले..."

"पुढच्या खेपेले मी तुमाले खाटेले बांधीन. सुतळीनं."

हिरालाल हसला, तोही नळी सांभाळून. ती हसली नाही. ती उठली, भिंतीपाशी गेली आणि मशिनची पिन घट्ट बसली आहे का ते अंगठ्यानं दाबून पाहिलं.